टाकीचे घाव कोणी सोसले?

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण महाराष्ट्रात शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. कीर्तनात तर तिला अंतच नाही. खाण एकच, दगड एकच. त्यातला एक तुकडा घाव सोसतो, तो मूर्ती होऊन गाभाऱ्यात बसतो. दुसरा पहिल्याच घावाला फुटतो, तो पायरीला जातो. श्रोते माना डोलावतात. दृष्टान्त चांगला आहे यात संशय नाही. दुःख सोसण्याचे बळ त्याने पुष्कळांना दिले आहे. परंतु दृष्टान्त दिला म्हणजे तो सर्व बाजूंनी तपासावा, अशी शास्त्राची पद्धत आहे. टाकीला टोके दोन. एक दगडावर असते. दुसऱ्यावर हातोडी पडते, आणि ती हातोडी कोणाच्या तरी हातात असते. त्या हाताच्या धन्याचे पुढे काय झाले, ते म्हणीत सांगितलेले नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, गावोगाव सभामंडप बांधण्याचे काम जोरात चालू आहे. जुने देऊळ दगडी, पुढचा मंडप सिमेंटचा, आणि त्या सिमेंटला दर्शनी बाजूने कोरीव दगड लावावयाचा, अशी आता रीतच पडून गेली आहे. सप्ताहाच्या निमित्ताने आम्हांला अशा गावांतून जावे लागते. मंडळी विचारतात, "महाराज, राजस्थानचा गुलाबी दगड घ्यावा की आपला काळा? हाताने कोरलेला घ्यावा की मशिनवरचा? आणि मुळात हा खर्च करावा की करू नये?" पहिले दोन प्रश्न गवंड्याचे वाटतात आणि तिसरा तेवढा धर्माचा वाटतो. आमच्या मते तिन्ही धर्माचेच आहेत, आणि तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंत दडलेले आहे.

आधी पूर्वपक्ष पाहू. वारकऱ्याला नक्षी हवी कशाला? आमचा देव विटेवर उभा आहे. वीट म्हणजे भाजलेल्या मातीचा साधा चौकोन. तिच्यावर वेलबुट्टी नाही. आमचे रिंगण उघड्या माळावर होते, कीर्तन चंद्रभागेच्या वाळवंटात होते, आणि वारी तर चालत्या पायांनीच होते. भिंतच नाही, तर भिंतीवरचे कोरीव काम कुठले? असे म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. पण गंमत अशी की, हेच लोक पंढरीस गेले म्हणजे सोळखांबीतल्या गरुडखांबाला कडकडून मिठी मारतात. नामदेवांच्या पायरीपाशी आले की यांचा पाय अडखळतो; खाली वाकून हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. वारकऱ्याचे दगडाशी नाते डोळ्यांचे कमी; हाताचे, पायाचे, कपाळाचे जास्त. ज्याला शेकडो वर्षे लाखो माणसे हात लावणार तो दगड कसा घडवावा, हा प्रश्न वारकऱ्याला परका कसा? म्हणून नक्षी नकोच, हा पक्ष आम्ही बाजूला ठेवतो. कोणती नक्षी आणि कोणाच्या जिवावर, एवढेच पाहावयाचे.

जुन्या देवळाच्या भिंतीकडे जो नुसती शोभा म्हणून पाहतो त्याला ती अर्धीच कळली, असे आम्ही म्हणू. सिन्नरचे गोंदेश्वर घ्या. यादवांच्या काळातले; मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांस विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य यांची चार लहान देवळे, असे पंचायतन. त्याच्या जोत्यापाशी बसून खालून वर पाहावे. खुर, कुंभ, कलश, कपोत असे थर एकावर एक चढत जातात. ही नुसती नावे नव्हेत. कपोत म्हणजे बाहेर झुकलेला पन्हळीसारखा थर. त्याच्या कडेवरून पावसाचे पाणी भिंतीपासून दूर गळते, भिंतीत मुरत नाही. आपण त्याला नक्षी म्हणतो, आणि ती पागोळीचे काम करते! पुढे भिंत पाहावी तर ती सरळ नाहीच. मधला भाग पुढे आलेला, त्याला भद्र म्हणतात. त्याच्या शेजारचा प्रतिरथ थोडा मागे. कोपऱ्याचा कर्ण आणखी मागे. याचा परिणाम असा होतो की सकाळचे ऊन तिरपे पडले म्हणजे भिंतीवर सावलीच्या उभ्या रेघा उठतात. एकही मूर्ती कोरली नसती तरी ती भिंत कोरलेली दिसली असती. दुपारी ऊन डोक्यावर आले म्हणजे उभ्या रेघा पुसट होतात आणि आडव्या थरांच्या सावल्या गडद होतात. ज्या कोणी ती भिंत योजिली त्याने दगडाइतकाच उन्हाचा विचार केला होता. शिखरावर पाहावे तर त्याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृती ओळीने, वर जाता जाता आकसत गेलेल्या; जाणते लोक या पद्धतीस भूमिज म्हणतात.

आणि हे सर्व आपल्या काळ्या दगडात. आपला सह्याद्रीचा दगड टणक, जागोजाग फोड आल्यासारखा छिद्रांचा. त्यात सोनाराचे काम करू म्हटले तर तो ऐकत नाही. अंबरनाथचे देऊळ, ज्यात शके ९८२ चा म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे, तेही याच दगडाचे. तेथल्या कारागिरांनी मोठे आकार, खोल सावल्या, ठसठशीत थर यांवर भर दिला. उलट कर्नाटकात हळेबीडला जावे. तेथला दगड खाणीतून निघताना मऊ आणि वारा लागला म्हणजे कठीण होणारा. म्हणून तेथे हत्तीच्या झुलीचे गोंडेसुद्धा मोजता येतात. खाली हत्तींची रांग, वर सिंह, मध्ये वेली, घोडेस्वार, कथा, मकर, हंस, असे पट्टेच्या पट्टे देवळाभोवती फिरले आहेत. आपल्याकडे खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही हत्तींचेच पीठ आहे. सबंध देऊळ त्यांच्या पाठीवर बसले आहे. भार खाली, म्हणून हत्तीही खाली. ही जुनी समजूत अगदी बाळबोध आहे आणि म्हणूनच आम्हांला आवडते. सांगावयाचे हे की, दगडाचा स्वभाव पाहून नक्षी ठरते. हळेबीडची नक्षी सिन्नरच्या दगडावर लादणे हे जसे चुकीचे, तसेच सिन्नरच्या देवळापुढे गुलाबी वाळूच्या दगडाची जाळी लावणे. स्वधर्म माणसालाच असतो असे नव्हे.

आपल्या भाषेत 'लेणे' हा शब्द दोन अर्थांनी येतो. बाईच्या अंगावरचे लेणे आणि वेरूळचे लेणे. पंडित म्हणतील, दोहोंची व्युत्पत्ती वेगळी आहे. असेल. परंतु भाषेने दोघांना एकाच शब्दात बसविले आहे, आणि त्यावर विचार करण्यासारखे आहे. एक लेणे वर घालावयाचे असते, दुसरे आतून काढावयाचे असते. वेरूळच्या कैलासात बाहेरून काहीच आणलेले नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत खोदत देऊळ मोकळे केले. कळस आधी आणि जोते शेवटी! काढून टाकलेल्या दगडाचा अंदाज अभ्यासक दोन लाख टन करतात. शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२ चा वडोद्याचा ताम्रपट आहे. त्यात एलापूरच्या डोंगरावरील देवळाचे वर्णन येते, आणि ते हेच देऊळ असे विद्वान मानतात. त्यात असे सांगितले आहे की आकाशातून जाणारे देव तर ते पाहून थक्क झालेच, पण ज्याने ते घडविले तो शिल्पीसुद्धा, हे माझ्या हातून झाले कसे, म्हणून चकित झाला. कर्तृत्वाचा अभिमान गळावा म्हणून आम्ही कीर्तनात घसा कोरडा करतो. त्या शिल्प्याला तो दगडानेच उतरवून दिला. त्याचे नाव मात्र ताम्रपटात नाही. राजाचे आहे.

आता कोणी म्हणेल, मग दगड उघडाच असावा, वर काही घालू नये. २०२४ साली पंढरपुरास तसे झालेही. जतनाच्या कामात गर्भागारातील चांदीचे पत्रे आणि नंतर कोणी बसविलेल्या फरशा काढल्या आणि जुना काळा दगड मोकळा केला. त्यासाठी सुमारे अडीच महिने पदस्पर्शदर्शन बंद होते. नंतर दर्शन घेऊन आलेले म्हातारे वारकरी आम्हांला सांगत होते, "आता देऊळ थोरलं वाटतं." चांदी भाविकांनीच दिलेली, त्यांच्या भावाला आम्ही नावे ठेवणार नाही. पाठशाळेत शिंपल्यावर रुपे भासल्याचा दृष्टान्त घोकलेला. येथे दगडावर खरेच रुपे होते आणि तरी ते काढल्यावर खरे दिसले, याचे आम्हांला हसू आले इतकेच. पण उघडा दगड हाच सनातन, असेही कोणी धरून बसू नये. वेरूळच्या कैलासावर चुन्याचा पातळ गिलावा होता आणि त्यावर रंग होते. त्यांच्या खुणा अजून दिसतात. तेव्हा वाडवडिलांनीही दगड झाकला होता. सिमेंटच्या खांबावर इंचभर जाडीची कोरीव पाटी लोखंडी पकडीने टांगली आणि तो दगडी खांब म्हणून मिरविला, तर तो थोडासा खोटेपणा आहे खरा. भार उचलतो सिमेंट आणि मान घेतो दगड. तरी त्याबद्दल खांबाला नरक सांगितलेला नाही. एवढ्यासाठी आम्ही लेखणी उचलली नसती.

उचलली ती एका श्रोत्यामुळे. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहात आम्ही हेच निरूपण करीत होतो. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असते. तिळात तेल असते तसे. मूर्ती दगडात आहेच. जास्तीचा भाग तेवढा काढावयाचा. नैयायिक म्हणतात, छे, मूर्ती दगडात नव्हती. दगड समवायी कारण, टाकी आणि कारागीर ही निमित्ते, आणि मूर्ती नवीन उत्पन्न झाली. सांख्यांचे म्हणणे ऐकावयास गोड, कारण जीवाचे शिवपणही असेच आत असते आणि नको ते काढून टाकले की पुरे. पण त्यात घडविणाऱ्याच्या वाट्याला फार थोडे येते, हेही आम्ही सांगितले. कीर्तन आटोपले. मंडळी पांगली. एक वयस्क वडार, ज्यांनी हयातभर जात्यांना टाकी लावली आणि पुढे देवळांचे चिरे घडविले, ते पुढे आले. पाया पडून म्हणाले, "म्हाराज, दगडात देव आधी हुता का नव्हता ते तुमी बघा. पर जे काढून टाकलं ते कुठं गेलं, ते कुनी सांगत न्हाई."

आम्ही म्हटले, "तात्या, तुम्हीच सांगा."

त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. त्यांचा पुतण्या परराज्यात गुलाबी दगड कोरावयास गेला होता. बारा वर्षे तेथे राहिला. आता घरी आहे. ओसरीवरून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसतो.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीची माहिती मिळवीत गेलो, ती वाचकांपुढे ठेवतो. वाळूचा दगड म्हणजे बहुतांशी गारगोटीचेच कण घट्ट बसलेले. तो कापताना जी धूळ उडते तिच्यातले अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसतही नाहीत. नाकाच्या केसांना, घशाला ते अडत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटल्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तेथेच राहतात. शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधू लागते. याला सिलिकोसिस म्हणतात. हा एकदा जडला म्हणजे बरा होत नाही. काम सोडले तरी वाढू शकतो, आणि क्षयाला दार उघडून देतो. लक्षणे दिसावयास बहुधा दहा वर्षे आणि अधिकही लागतात, म्हणून तरणा कारागीर हसत असतो. राजस्थानात सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा म्हणून ठिकाण आहे; देशातल्या आणि परदेशांतल्याही देवळांचे कोरीव दगड तेथे घडतात. तेथल्या कितीतरी कारागिरांना या रोगाने गाठले आहे. राजस्थान सरकारने २०१९ साली या आणि अशा धुळीच्या रोगांसाठी वेगळे धोरणच काढले, त्यावरून व्याप्ती समजावी. आपला काळा दगड या बाबतीत पुष्कळ सौम्य. त्यात गारगोटीचा मोकळा अंश फार थोडा. संगमरवराचेही तसेच. धूळ कोणतीही चांगली नव्हे, परंतु दगडादगडांत हा फरक आहे आणि दगड निवडणाऱ्याला तो माहीत असला पाहिजे.

न्यायशास्त्रात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतला प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू फुटल्यावर होणारा अभाव, याला आरंभ आहे पण शेवट नाही. घट फुटला तो फुटला. आम्ही पोरपणी हे लक्षण पाठ केले तेव्हा डोळ्यांपुढे मडके होते. आता त्या पुतण्याचा श्वास येतो.

मग मशिन वाईट आणि हात चांगला, असे ठरवून मोकळे व्हावे काय? तसे सोपे असते तर बरे झाले असते. संगणकावर आकृती काढून यंत्राने दगड कोरतात, तेव्हा हिऱ्याच्या दाताच्या पात्यावर पाण्याची धार सोडलेली असते. धूळ चिखल होऊन खाली बसते. त्या जागी माणसाचे तोंड दगडाशी नसते. उलट 'हातकाम' म्हणून जे आज विकले जाते त्यात टाकी-हातोडी किती असते? बहुतेक काम हातात धरावयाच्या विजेच्या ग्राइंडरवर, आणि तेही कोरडे. जुनी टाकी खपल्या काढी. हा ग्राइंडर पीठ काढतो. खपली पायाशी पडते, पीठ नाकात जाते. म्हणजे हाताच्या नावाखाली हाताचा अधिक घात. तेव्हा यंत्राला शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या यंत्राने मरणाचे काम माणसाकडून काढून घेतले ते यंत्र आम्हांला मान्य आहे.

बिघाड आहे तो दुसरीकडे. शिल्पशास्त्रात देऊळ घडविणारे चौघे सांगितले: स्थपती योजना करणारा, सूत्रग्राही मापे धरणारा, तक्षक दगड तासणारा, वर्धकी जोडणारा. चौघे एकाच खोपटात बसत, एकाच मडक्यातले पाणी पीत. योजना करणारा तासणाऱ्याचा खोकला ऐकत असे. आता आकृती काढणारा एका शहरात, कोरणारा दुसऱ्या राज्यात, आणि भिंत तिसऱ्याच देशात. लंडनला नीसडन भागात १९९५ साली उघडलेले स्वामिनारायणाचे मंदिर प्रसिद्ध आहे. चुनखडीचा दगड बल्गेरियाचा, संगमरवर इटलीचा, तो भारतात आणून कोरला, तुकड्यांना क्रमांक घातले आणि लंडनला नेऊन जोडले. कारागिरीचे हे मोठेच धाडस आहे आणि त्याचे कौतुकच करावे. तो दगडही वाळूचा नव्हे. उदाहरण घेतले ते दूरपणाचे. इतक्या दूरवर कोरलेली भिंत पाहताना, तिच्यातून उडालेले कण कोठे असतील, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येणार तरी कसा? नक्षी दिसते. काढलेला भाग दिसत नाही. कारण तो काढलेला असतो.

येथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो व्यवहारी माणसाचा असतो. "महाराज, त्याला मजुरी दिली ना? धंदा त्याने आपण होऊन पत्करला. आम्ही देवासाठी पैसे दिले. पुढचे ज्याचे त्याने पाहावे." याला आम्ही भावनेने उत्तर देत नाही, शास्त्रानेच देतो. दान म्हणजे काय? आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. म्हणजे जे आपले आहे तेच देता येते. देणगीदाराचे रुपये त्याचे आहेत, ते त्याने द्यावेत. पण त्या भिंतीत रुपयांखेरीज आणखी एक वस्तू गेली आहे, कारागिराची वीस-पंचवीस वर्षांची हयात; ती देणगीदाराची नव्हती. जी आपली नाही ती देवाला वाहिली, तर त्याला दान म्हणत नाहीत. जे म्हणतात ते येथे लिहिण्याची गरज नाही. मजुरी दिली ती श्रमाची. श्वासाचा सौदा कोठे झाला होता? सौद्याला दोघांचे ज्ञान लागते; त्या पोराला कोणी सांगितले होते की ही धूळ अशी असते?

मीमांसकांनी तर हे फारच स्पष्ट केले आहे. यज्ञात मंत्र म्हणतो ऋत्विज, आहुती टाकतो ऋत्विज, आणि स्वर्गाला जातो यजमान. हे कसे? तर यजमानाने दक्षिणा देऊन त्याला परिक्रय केले, विकत घेतल्यासारखे बांधून घेतले. म्हणून कर्माचे फळ यजमानाचे. ठीक. तोच न्याय येथे लावा. कारागिराच्या कोरण्याचे पुण्य जर पैसे देणाऱ्याच्या खात्यावर जमा होते, तर त्या कोरण्यात जो घात झाला तोही त्याच खात्यावर पडेल. पुण्य माझे आणि धूळ त्याची, अशी वाटणी कोणत्याही शास्त्रात नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी जो कृत्रिम दगड बनवितात त्यात गारगोटीचा अंश फार मोठा असतो. तो कापणारे कामगार आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगड बनविण्यावर आणि वापरण्यावर बंदी घातली. तेथे कोणी मीमांसा वाचली नव्हती. ओट्यापुरती तरी त्यांना ती कळली.

आणि वारकऱ्याला यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जावयास नको. मंगळवेढ्याच्या तटाचे काम चालू होते. वेठीला माणसे लावली होती, त्यांत चोखोबा होते. भिंत कोसळली आणि माणसे खाली गाडली गेली. हे शके १२६० चे, म्हणजे १३३८ सालचे, असे परंपरा सांगते. तट ज्यांचा होता त्यांनी तट पुन्हा बांधला असेल. नामदेवराय मात्र तेथे गेले, दगडांच्या ढिगात अस्थी शोधू लागले, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून उचलून पंढरीस आणल्या. महाद्वारासमोर समाधी आहे, रोज हजारो लोक तेथे हात जोडतात. ही कथा सांगताना आपण अस्थींतल्या नामावर थांबतो, आणि थांबावयासच हवे. पण त्याच्या आधी एक कृती आहे: नामदेवांनी दगड बाजूला सारून माणूस शोधला. भिंत केवढी पडली, किती खंडी चुना वाया गेला, हे त्यांनी विचारले नाही. दगड घडविणाऱ्या, वाहणाऱ्या जातींना त्याच देवळाचे दार मात्र पुढे कित्येक शतके बंद राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा कोठे ते उघडले. दार उघडले, फार चांगले झाले. घडविणाऱ्याचा आजार मात्र अजून दाराबाहेरच आहे.

मंडप बांधणाऱ्या मंडळींना आम्ही काय सांगतो, ते आता थोडक्यात लिहितो. दगड शक्यतो जवळच्या खाणीतला घ्यावा. नक्षी थोडी घ्यावी आणि जेथे तिला काम आहे तेथे घ्यावी: पाणी गळावयाच्या कडेला, जोत्याच्या थराला, दाराच्या चौकटीला, माणसांचा हात जेथे लागतो त्या उंचीला. वीस फूट उंचीवर, जेथे कोणी पाहत नाही आणि पाणीही अडत नाही, तेथे छापाची कमळे कशाला? बाकी भिंत साधी घडीव ठेवून तिला पुढे-मागे करावे. ऊन आपले काम फुकट करते. बाहेरून कोरून आणावयाचे असेल तर भाव ठरविण्याआधी एक माणूस जाऊन ते ठिकाण पाहून यावा. पात्यावर पाणी आहे काय, धूळ ओढणारा पंखा आहे काय, कारागिरांच्या तोंडाला चांगला मुखवटा आहे की नुसता पंचा. कारण पंचाने ही धूळ अडत नाही. पाण्याचा, मुखवट्याचा, वर्षाकाठी छातीच्या तपासणीचा खर्च ठरावात निराळा लिहावा. त्यामुळे दर वाढतो. वाढू द्यावा आणि तेवढी नक्षी कमी करावी.

देणगीदारांच्या नावाच्या फरशांविषयीही लोक विचारतात. नामदेवरायांनी संतांचे पाय लागावेत म्हणून पायरीची जागा मागितली. आता नाव कोरलेली फरशी लोक पायाखाली घालतात, तर देणगीदाराचा मुलगा भांडावयास येतो! यावर आम्ही मत देत नाही.

वर ज्या गावाचा उल्लेख केला तेथे मंडपाचे जोते नुकतेच पुरे झाले आहे. दर्शनी भिंतीच्या तीन बाजूंपैकी दोन साध्याच ठेवावयाचे पंचांनी ठरविले. त्यावर बरीच भांडाभांडी झाली आणि एका मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतला. दगड पाच कोसांवरच्या खाणीचा आहे. देवळामागे पत्र्याची शेड घातली असून तात्या तेथे बसून दोन पोरांना कपोताची कड काढावयास शिकवितात. शेडपर्यंत पाण्याचा नळ भजनी मंडळाने स्वतःच्या पैशाने नेला आहे, आणि पुतण्याच्या औषधाची नोंद मंडपाच्याच वहीत, सिमेंटच्या खालच्या ओळीत केलेली आम्ही पाहिली.